उमेदवाराच्या हाती किती अश्वशक्ती?

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाने शिकाऊ परवाना काढावा, निदान तीस दिवस थांबावे, चाचणीच्या मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्याचे वळण घेऊन दाखवावे आणि पक्का परवाना खिशात घालून बाहेर पडावे, हा भारतातील रीतसर मार्ग आहे. त्या क्षणापासून, खासगी मोटारीपुरते तरी, कायदा त्याच्यात आणि वीस वर्षे मोटार चालविलेल्या माणसात कोणताही भेद करीत नाही. गाडीवर चिकटविलेले तांबडे ‘एल’ अक्षर ज्या दिवशी निघते, त्या दिवशी त्याचे शिकाऊपण संपले असे गृहीत धरले जाते. वडिलांची जुनी छोटी मोटार चालविण्याची त्याला जशी मुभा आहे, तशीच पाचशे अश्वशक्तीची गाडी चालविण्याचीही आहे.

इतर व्यवसायांत असे घडत नाही. वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला आंतरवासितेचे वर्ष पुरे करावे लागते. शाळेत नव्याने नेमलेला शिक्षक किंवा कचेरीत रुजू झालेला लिपिक काही काळ परिवीक्षेवर असतो. त्याच्या हातून होणाऱ्या चुकांचा उपद्रव मर्यादित राहावा, एवढीच त्यामागील दृष्टी असते. लिपिकाची चूक खोडरबराने नाही तरी शुद्धिपत्रकाने दुरुस्त होते. चाकापाशी बसलेल्या नवख्याची चूक दुरुस्त करण्याची सोय नसते. असे असता परिवीक्षेचा काळ लिपिकाला असावा आणि मोटारचालकाला नसावा, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

या प्रश्नाची एक बाजू विशेष दुर्लक्षित आहे. नवख्या चालकाच्या हाती कोणती गाडी असावी, आणि त्या गाडीच्या इंजिनात फेरफार करून तिची शक्ती वाढविण्याची मुभा त्याला असावी काय, हा तो प्रश्न होय. काही देशांनी त्याचे उत्तर कायद्यातच देऊन ठेवले आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्याचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोधप्रद आहे. त्या अनुभवात यश आहे तशा चुकाही आहेत, आणि कायदा करू पाहणाऱ्यास चुकांपासूनच अधिक शिकता येते.

टप्प्याटप्प्याने मिळणारा परवाना

सिडनीत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलाची आणि नाशिकमध्ये राहणाऱ्या त्याच्या आतेभावाची कल्पना करावी. सिडनीतील मुलाला सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. परंतु पंचविशीच्या आतील शिकाऊ चालकाला त्यानंतर निदान बारा महिने थांबावे लागते, आणि त्या काळात जाणत्या चालकाला शेजारी बसवून एकशे वीस तास गाडी चालविल्याची नोंद एका वहीत करावी लागते. त्यांपैकी वीस तास रात्रीचे असावे लागतात. बहुतेक घरांत हा जाणता चालक म्हणजे आई किंवा वडीलच असतात. त्यामुळे परवाना मिळविणे हा तेथे साऱ्या कुटुंबाचाच वर्षभराचा उद्योग होऊन बसतो.

यानंतर जो परवाना मिळतो तोही तात्पुरता. पहिल्या टप्प्यात गाडीवर तांबडे ‘पी’ अक्षर लावावे लागते. हा टप्पा निदान बारा महिन्यांचा असून त्यात ताशी ९० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाता येत नाही. पुढे हिरवे ‘पी’ अक्षर येते. तो टप्पा चोवीस महिन्यांचा आणि वेगाची मर्यादा १०० किलोमीटर. दोन्ही टप्प्यांत मद्याचा एक थेंबही वर्ज्य आहे. पहिल्या टप्प्यातील पंचविशीच्या आतील चालकाला रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात एकविशीच्या आतील एकापेक्षा अधिक प्रवासी बरोबर घेता येत नाहीत. हा नियम २००७ पासून लागू आहे. या साऱ्या पायऱ्या चढून गेल्यावर वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास त्याला पूर्ण परवाना मिळतो. नाशिकमधील त्याचा आतेभाऊ हीच मजल अठरा वर्षे आणि एका महिन्यात गाठू शकतो.

याच चौकटीत गाडीविषयीचा निर्बंध बसविलेला आहे. न्यू साउथ वेल्समध्ये तो जुलै २००५ मध्ये आला. आठ सिलिंडरांच्या गाड्या, तसेच इंजिनात दाबाने हवा भरून शक्ती वाढविणारी ‘टर्बो’ व तत्सम यंत्रणा असलेल्या गाड्या, काही अपवाद वगळता, तात्पुरत्या परवान्याच्या चालकांना वर्ज्य ठरविण्यात आल्या. नियम सोपा होता. पण सोप्या नियमांचे जे होते ते त्याचेही झाले. पुढील काही वर्षांत मोटार उद्योगाने इंधनाच्या बचतीसाठी लहान इंजिनांनाच टर्बो बसविण्यास प्रारंभ केला. त्यामुळे आकाराने लहान, नव्या आणि सुरक्षिततेच्या साधनांनी सज्ज अशा कितीतरी गाड्या केवळ त्या एका शब्दामुळे निषिद्धांच्या यादीत जाऊ लागल्या. नवख्या तरुणाने सुरक्षित नवी गाडी टाळून जुनी गाडी घ्यावी, असाच जणू कायद्याचा आग्रह दिसू लागला.

ही चूक ध्यानात आल्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये नियम बदलण्यात आला. सिलिंडरांची मोजणी सोडून शक्ती आणि वजन यांचे प्रमाण ही कसोटी स्वीकारण्यात आली. गाडीच्या रिकाम्या वजनाच्या दर टनामागे १३० किलोवॅट, म्हणजे सुमारे १७४ अश्वशक्ती, ही मर्यादा ठरली. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँड या राज्यांतही हाच आकडा प्रमाण मानला जातो. त्या देशातील सर्वच राज्यांनी हा मार्ग पत्करला आहे असे मात्र नाही, हेही नोंदविले पाहिजे.

आकडा आणि पळवाट

एखाद्या गाडीचे वजन १,००० किलो आणि इंजिनाची शक्ती १०० किलोवॅट असेल तर तिचे प्रमाण शंभर भरते; ती नवख्याला चालते. १,५०० किलो वजनाची आणि २०० किलोवॅट शक्तीची गाडी १३३ वर जाते. ती चालत नाही. इतका साधा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. पण कायदा एवढ्यावरच थांबला असता तर तो कागदावरच राहिला असता. कारण पहिल्या, म्हणजे परवानगी असलेल्या गाडीच्या इंजिनाला एखाद्या कारखान्यात टर्बो जोडून तिची शक्ती १४० किलोवॅटपर्यंत नेली, तर नोंदणीपुस्तकात ती शंभराचीच राहते आणि रस्त्यावर मात्र एकशेचाळिसाची होते. वजन वाढलेले नसते, ब्रेक तेच असतात, आणि चाकापाशी बसलेला तरुणही तोच असतो.

हीच पळवाट बुजविण्यासाठी न्यू साउथ वेल्सच्या नियमात दुसरे वाक्य घातलेले आहे. ज्या फेरफारासाठी अभियंत्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरते असा फेरफार इंजिनात झाला असेल, तर शक्ती आणि वजनाचे प्रमाण काहीही असो, ती गाडी तात्पुरत्या परवान्याच्या चालकाला निषिद्ध आहे. व्हिक्टोरियातही उत्पादकाव्यतिरिक्त अन्य कोणी इंजिनात बदल करून गाडीची कामगिरी वाढविली असल्यास हाच नियम लागू होतो. प्रमाणपत्र मिळविले म्हणजे गाडी कायदेशीर होते. पण ती इतरांसाठी. नवख्याला तिच्यापासून दूरच राहावे लागते.

या तरतुदीची व्याप्ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. नव्या चालकाने गाडीला हात लावूच नये, असे हा कायदा म्हणत नाही. गाडीचा रंग बदलावा, चांगली आसने बसवावीत, आवाजाचे यंत्र लावावे, ठरलेल्या मापात चाके बदलावीत. या बाबतीत जो नियम सर्वांना तोच त्यालाही. गाडी प्रमाणाबाहेर खाली बसविली किंवा रस्त्यावर धोका होईल असा बदल केला, तर पोलीस समोरच्या काचेवर पिवळी चिठ्ठी चिकटवितात आणि दोष दुरुस्त होईपर्यंत ती निघत नाही. तिच्या पिवळ्या रंगावरून लोक तिला ‘कॅनरी’ या पक्ष्याच्या नावाने ओळखतात. ही चिठ्ठी साठीच्या गृहस्थालाही चुकत नाही. नवख्यासाठी वेगळा निर्बंध आहे तो फक्त इंजिनाच्या शक्तीपुरता. हौसेचे अंगण मोठे ठेवून कुंपण एकाच बाजूला घातले आहे.

हे कुंपण इंजिनापाशीच का, याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी ही एक मेळ घातलेली रचना असते. इंजिन किती जोर देणार, त्यावरून ब्रेक किती मोठे, टायर किती रुंद, धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा किती कडक हे ठरते. त्यांपैकी एकच घटक बदलला की मेळ बिघडतो. शक्ती वाढविलेली गाडी पूर्वीच्याच ब्रेकांवर थांबवायची असते, आणि वेग दुप्पट झाला की तिच्यातील गतिज ऊर्जा चौपट होते, हे शाळेच्या पाठ्यपुस्तकातील सूत्र रस्त्यावरही खोटे ठरत नाही. अनुभवी चालकाला हा बिघाड पायाखाली जाणवतो. ज्याने मुळातील मेळच अजून अनुभवलेला नाही, त्याला बिघाड झाल्याचे कळणार कसे? शिवाय आता शक्ती वाढविण्यासाठी पाने-पक्कडही लागत नाही. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील आज्ञावली बदलली की काम होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही.

निर्बंध मोडणाऱ्याला शिक्षाही तशीच आहे. न्यू साउथ वेल्समध्ये चालकाच्या अपराधांचे गुण मोजले जातात. तांबड्या टप्प्यातील चालकाचे असे चार गुण आणि हिरव्या टप्प्यातील चालकाचे सात गुण भरले की त्याचा परवाना निलंबनास पात्र होतो. निषिद्ध गाडी चालविण्याच्या अपराधाला एकदम सात गुण ठेवले आहेत. म्हणजे पहिल्याच अपराधात परवाना हातचा जाण्याची वेळ येते. दंडाची रक्कम बाप भरू शकतो. परवाना मात्र मुलाचाच जातो.

आक्षेपांचा विचार

या कायद्यावर आक्षेप घेणारे कमी नाहीत आणि त्यांचे सर्वच म्हणणे फेकून देण्याजोगे नाही.

पहिला आक्षेप न्यायाचा आहे. थोड्या उनाडांच्या वागण्यापायी सर्व तरुणांना का जखडावे, असे विचारले जाते. यात तथ्य असले तरी ते अपुरे आहे. नवख्या चालकाचा धोका केवळ त्याच्या बेफिकिरीतून उद्भवत नाही. एकट्याने गाडी चालवू लागल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वाधिक धोक्याचे असतात आणि अनुभवाबरोबर तो धोका झपाट्याने उतरतो, असे देशोदेशींच्या अभ्यासांतून पुनःपुन्हा दिसले आहे. अत्यंत गुणी मुलगाही या नियमाला अपवाद नसतो. समोरच्या रिक्षाचे मागचे चाक किंचित वळले की ती आता आडवी येणार, हे ओळखण्यास डोळ्यांना सवय लागते. ती सद्गुणांनी येत नाही. तेव्हा हा निर्बंध कोणाच्या चारित्र्यावर ठपका ठेवीत नाही. तो केवळ मुदतीचा आहे, आणि मुदत संपताच आपोआप उठतो.

दुसरा आक्षेप परिणामकारकतेचा असून तो अधिक गंभीर आहे. मोनॅश विद्यापीठाच्या अपघात संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी या निर्बंधाचा संभाव्य लाभ तपासला तेव्हा तो मर्यादितच दिसला. कारण उघड आहे. नवखे चालक बहुधा घरातील साधी किंवा जुनी गाडी चालवितात. भारी शक्तीच्या गाड्या त्यांच्यापैकी थोड्यांच्याच हाती असतात. त्या थोड्यांवर निर्बंध घातल्याने एकूण अपघातांची संख्या फारशी खाली येणार नाही. रात्रीचे फिरणे आणि समवयस्क मित्रांनी भरलेली गाडी यांवरील निर्बंधांचा प्रभाव त्याहून व्यापक आहे. म्हणूनच गाडीच्या शक्तीवरील मर्यादा हा टप्प्याटप्प्याच्या परवान्याचा एक भाग म्हणून शोभतो. तोच संपूर्ण उपाय मानणे ही आत्मवंचना ठरेल. तथापि लाभ थोडा असला म्हणून तो त्याज्य ठरत नाही. भारी शक्तीच्या गाडीचा अपघात बहुधा एकट्या चालकाचा नसतो; पदपथावरून जाणाऱ्याचाही तो असतो, आणि त्या पादचाऱ्याला संख्याशास्त्रातील ‘मर्यादित लाभ’ या शब्दांनी समाधान वाटणार नाही.

तिसरा आक्षेप कसोटीच्या उणिवेचा. १,८०० किलो वजनाच्या, २०० किलोवॅट शक्तीच्या धिप्पाड गाडीचे प्रमाण १११ येते. म्हणजे ती नवख्याला चालते. तेवढ्याच शक्तीची, पण वजनाने हलकी गाडी चालत नाही. वस्तुतः धडक देताना जड गाडीच समोरच्याला अधिक घातक ठरते. विजेच्या गाड्यांनी हा पेच आणखी वाढविला आहे, कारण त्यांच्या बॅटऱ्यांचे वजनही मोठे आणि जोर मिळतो तोही तत्क्षणी. आकड्याची कसोटी बाळगणाऱ्या सरकारला तो आकडा वेळोवेळी तपासावाच लागतो. इटलीने फेब्रुवारी २०११ पासून नवख्यांसाठी पहिल्या वर्षापुरती टनामागे ५५ किलोवॅट आणि एकूण ७० किलोवॅट अशी कडक मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती अनुक्रमे ७५ आणि १०५ वर नेण्यात आली. पण त्याच वेळी मुदत एका वर्षावरून तीन वर्षे करण्यात आली. आकडा सैल केला आणि काळ लांबविला. या दोन्ही बदलांमागे बाजारात मिळणाऱ्या गाड्यांचा आणि अनुभवास लागणाऱ्या काळाचा विचार दिसतो.

चौथा आक्षेप भावनेचा आहे, पण तो सहृदयतेने ऐकला पाहिजे. यंत्राशी खेळत खेळतच पोरे यंत्र शिकतात. जुने इंजिन उघडून पुन्हा जुळविणाऱ्या हातांतूनच उद्याचे कारागीर आणि अभियंते निर्माण होतात. त्यांची हौस गुन्हा ठरवून टाकणे हे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही. परंतु इंजिन जुळविणे आणि ते भर वस्तीत पळविणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिलीसाठी कार्यशाळा, तंत्रनिकेतने आणि शर्यतीची बंदिस्त मैदाने आहेत किंवा असावयास हवीत. सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे, कारण तेथील इतरांनी प्रयोगाला संमती दिलेली नसते.

भारतीय कायद्याची स्थिती

आता नाशिकच्या आतेभावाकडे वळावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ असे सांगते की, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील तपशील विसंगत ठरेल असा बदल कोणत्याही मालकाने वाहनात करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ घातले. त्यानुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाहनविक्रेत्याने मानकांविरुद्ध फेरफार केल्यास शिक्षा त्याहून जबर असून, अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे ‘विक्रेता’ या शब्दात मोटार दुरुस्त करणाऱ्याचाही समावेश होतो. ध्वनी आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीसाठी तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांची परवानाबंदी आहे. अपंग व्यक्तींसाठी वाहन अनुकूल करून घेण्याची सोयही कायद्याने ठेवली आहे, आणि ती योग्यच आहे.

कागदावर पाहता हा कायदा न्यू साउथ वेल्सहून कडक आहे. पण त्याची कडक नजर सर्वत्र सारखीच आहे, आणि तेथेच त्याचे दुबळेपण आहे. जो नियम लक्षावधी मालकांना सारखाच लागू आणि सारखाच अव्यवहार्य, तो शेवटी मोहिमेच्या दिवसापुरता उरतो. फटाक्यासारखे आवाज काढणारे सायलेन्सर जप्त होतात, रोडरोलरखाली चिरडले जातात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात; आठवडा उलटला की तोच आवाज गल्लीत पुन्हा घुमू लागतो. सायलेन्सर कानाला ऐकू येतो म्हणून तो सापडतो. इंजिनात वाढविलेली शक्ती मूक असते. ती सापडत नाही.

वयाच्या बाबतीतही अशीच गत आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड ठेवला. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भारी मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला आणि ती मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचा आरोप झाला, तेव्हा या तरतुदींची देशभर चर्चा झाली. ती होणे स्वाभाविक होते. पण हाच मुलगा अठरा वर्षांचा होऊन परवाना घेऊन आला असता, तर तीच गाडी त्याच्या हाती देण्यास कायद्याची काय हरकत होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. उत्तर सरळ आहे. काहीही हरकत नव्हती. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्याअलीकडे कायदा अत्यंत कठोर आणि पलीकडे अत्यंत उदार, अशी ही अवस्था आहे.

तिची किंमत कोण देतो, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच आकड्यांवरून दिसते. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. बळी पडलेल्यांत १८ ते ४५ या वयोगटाचे प्रमाण ६६.५ टक्के होते. एकूण मृतांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के होते. मर्यादेबाहेरचा वेग हे ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण नोंदले गेले. या अहवालांत चालकाकडे पक्का परवाना होता, शिकाऊ होता की मुळीच नव्हता, याची वर्गवारी असते. तो पक्का परवाना पाच दिवसांचा होता की पंधरा वर्षांचा, ही वर्गवारी नसते. ज्या भेदाची कायद्याला दखल नाही, त्याची मोजणी तरी कोण करणार?

काय करता येईल

सिडनीचा आकडा उचलून नाशिकला लावणे शहाणपणाचे होणार नाही. सामान्य भारतीय कुटुंबाची छोटी मोटार नऊशे किलोंच्या आसपास वजनाची आणि साठ-सत्तर किलोवॅट शक्तीची असते. तिचे प्रमाण फार तर ७८ पर्यंत जाते. १३० ची मर्यादा या कुटुंबाला कधीच आड येणार नाही. उलट इटलीची जुनी ५५ ची मर्यादा लावली तर घरोघरची गाडीच निषिद्ध ठरेल. शिवाय भारतातील तरुणाचे खरे वाहन मोटार नसून दुचाकी आहे. तेव्हा विचाराचा प्रारंभ दुचाकीपासून व्हावयास हवा. युरोपात जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांच्या तरुणाला ३५ किलोवॅटपर्यंतच्याच मोटारसायकलीचा परवाना मिळतो आणि दोन वर्षांच्या अनुभवानंतर वरचा. त्यातही मुळात ७० किलोवॅटहून अधिक शक्तीची असलेली मोटारसायकल शक्ती घटवून वापरता येत नाही. कारण घटविलेली शक्ती पुन्हा वाढविणे हे तासाभराचे काम असते, हे नियम करणाऱ्यांनी ओळखलेले दिसते.

भारतात यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल असे नाही. वाहनाच्या नोंदणीच्या अर्जात इंजिनाची अश्वशक्ती आणि रिकामे वजन लिहावेच लागते. परवान्यावर तो दिल्याची तारीख असते. या दोन कागदांची गाठ घालणे एवढेच काम उरते. पक्का परवाना मिळाल्यापासून दोन वर्षे हा परिवीक्षेचा काळ मानावा. त्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडील दुचाकी वा मोटार चालविण्यास आणि शक्ती वाढविलेले कोणतेही वाहन चालविण्यास मज्जाव असावा. गाडीवर तसे अक्षर असावे. ज्याचा व्यवसायच अशा वाहनावर अवलंबून असेल त्याला लेखी अर्जावर सूट मिळावी. फेरफाराची जबाबदारी मुलाइतकीच तो करून देणाऱ्या कारखान्यावरही टाकावी. कायद्याने ती टाकलेलीच आहे, फक्त ती वापरावी. आणि सर्वांत आधी, अपघाताच्या नोंदीत परवान्याचे वय लिहिण्याचा रकाना घालावा. त्याला संसदेची संमती लागत नाही. एक सुधारित नमुना पुरेसा आहे.

अंमलबजावणीविषयी शंका घेणारे म्हणतील की, जेथे हेल्मेटची सक्ती नीट होत नाही तेथे किलोवॅट कोण मोजणार? शंका रास्त आहे. पण सरसकट सर्वांना लागू असलेल्या नियमापेक्षा थोड्यांना, थोड्या मुदतीसाठी आणि स्पष्ट खुणेसह लागू असलेला नियम राबविणे सोपे असते. रस्त्यावरील पोलिसाला इंजिन उघडावे लागणार नाही. गाडीवरील अक्षर आणि नोंदणीतील आकडा त्याला दिसेल. विम्याच्या दाव्याच्या वेळी तर ही तपासणी कंपनीच करील; न कळविलेल्या फेरफारामुळे भरपाई नाकारली जाण्याचा धोका मालकाला आजही आहेच. आणि जी गोष्ट पोलिसाला दिसणार नाही ती घरातील वडीलधाऱ्यांना दिसते. कायद्याने नाही म्हटले असेल तर बापाला मुलासमोर नाही म्हणणे सोपे जाते. आज तो म्हणतो ते केवळ त्याचे मत असते, आणि अठरा वर्षांच्या मुलापुढे बापाच्या मताचे वजन किती, हे सांगण्याची गरज नाही.

सिडनीतील मुलगा आणि त्याचा नाशिकमधील आतेभाऊ यांच्या बुद्धीत, डोळ्यांत किंवा हातांत काहीही फरक नाही. पहिल्याला त्याच्या राज्याने तीन वर्षे जपले, दुसऱ्याला एका महिन्यात मोकळे सोडले. त्या मोकळीकीला स्वातंत्र्य म्हणावे की उपेक्षा, याचा विचार आता व्हावयास हवा. तो करताना नाशिकच्या मुलाबरोबरच सायंकाळी शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारी मुलेही डोळ्यांपुढे ठेवावीत. त्या मुलांच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी नाही.